केशकर्तन यंत्राची निगा

जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले पहूर हे जामनेर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. अशा गावांतील नाभिक बांधवांच्या धोकटीत पूर्वी वस्तरा, कात्री, कंगवा आणि हाताने दाबून चालविण्याचे मशीन एवढाच सरंजाम असे. आता विजेचे मशीन सर्वत्र आले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत नाभिक व्यवसायाचा अंतर्भाव असून, योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या साहाय्याची तरतूद करण्यात आली. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे सोपविण्यात आली. यंत्र मिळवून देण्यात पंचायतीचा असा वाटा असल्याने, ते टिकते कसे आणि बिघडते कसे, याचीही माहिती सदस्यांना असणे उपयुक्त ठरेल.

यंत्राच्या तोंडाशी दोन दातेरी पोलादी पाती असतात. खालचे पाते स्थिर राहते आणि वरचे त्यावर डावी-उजवीकडे सरकते. थेट विजेवर चालणाऱ्या चुंबकी मशीनमध्ये या सरकण्याचा वेग थक्क करणारा असतो. आपल्याकडील विजेची आवर्तने सेकंदाला ५०. प्रत्येक आवर्तनात चुंबक पात्याला दोनदा ओढतो. म्हणजे पाते मिनिटाला ६,००० वेळा ओढले जाते. एका डोक्याला दहा मिनिटे लागली, तर हा आकडा साठ हजारांवर जातो! पोलादावर पोलाद इतक्या वेळा घासत असताना मध्ये तेलाचा थर नसेल, तर पाती तापतात, धार बसते आणि केस कापले जाण्याऐवजी ओढले जातात. खानदेशातील उन्हाळ्यात धुळीची त्यात भर पडते.

तेल देण्याची रीत सोपी आहे. प्रथम लहान ब्रशने पात्यांत अडकलेले केस झाडून काढावेत. नंतर मशीन चालू करून, पाती खाली झुकलेली राहतील अशा बेताने धरावे आणि दातांवर व दोन्ही कडांवर मिळून तीन-चार थेंब सोडावेत. मशीन उलट धरल्यास तेल आतील भागात उतरते. काही क्षणांनी ते बंद करून जादा तेल फडक्याने पुसावे. हे काम रोजचे आहे. गर्दीच्या दिवशी दोन-तीनदाही करावे लागते. तेल मात्र यंत्राचेच हवे. ते न मिळाल्यास शिवणयंत्राचे पातळ तेल चालते. खोबरेल हाताशी असते, म्हणून तेच घालण्याचा मोह होतो. पण ते थंडीत गोठते, काही दिवसांनी चिकट होते आणि त्यात केसांची भुकटी बसून पाते जड चालू लागते. अशा वेळी दोष मशीनला दिला जातो.

प्रश्न केवळ यंत्राच्या आयुष्याचा नाही. सरकत्या पात्याचे दात स्थिर पात्याच्या दातांपेक्षा किंचित मागे बसविलेले असावे लागतात. स्क्रू सैल होऊन ते पुढे आले, की कातडीला चीर पडते. कावीळ ब या रोगाचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. डोक्यावरील गजकर्ण मुख्यतः मुलांत आढळते आणि कंगवा व मशीन यांतूनही पसरते. शाळेत मुलांच्या डोक्यावर केस गळालेले, खवले धरलेले गोल चट्टे दिसल्यास शिक्षकांनी पालकांना आरोग्य केंद्राकडे पाठवावे. त्यात मुलाला दोष देण्यासारखे काही नसते.

म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकानंतर मशीन बंद करून केस झाडावेत आणि पाती ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्यावीत. क्रम बदलू नये, कारण केस व तेलाच्या थराखाली औषध पोचत नाही. अल्कोहोलने तेलही निघून जाते. त्यामुळे पाती वाळल्यावर पुन्हा एक-दोन थेंब द्यावेच लागतात. अल्कोहोल पेट घेते, हे विसरू नये. फरशी पुसण्याचे ब्लीच पात्यांना लावल्यास पोलाद गंजते.

धार लावण्याच्या बाबतीत फसगत अधिक होते. कात्रीला धार लावणाऱ्याच्या गोल चाकावर ही पाती दिली, की त्यांची सपाटी जाते. मग नवीन धार असूनही दोन पाती एकमेकांना नीट भिडत नाहीत. या पात्यांसाठी सपाट चकती लागते. तशी सोय जवळपास नसल्यास पात्यांची नवी जोडी घेणे बरे.