वैद्यकीय इच्छापत्र आणि कुटुंबवैद्याचे कर्तव्य

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानातील बारा अध्याय अरिष्टलक्षणांस वाहिलेले आहेत. अखेरच्या अध्यायात वैद्यास सूचना आहे, की मरणचिन्हे दिसली तरी न विचारता ती सांगू नयेत. आणि विचारले तरी, ज्या ठिकाणी रुग्णास वा इतरांस आघात होईल तेथे मौन पाळावे. या वचनाच्या आधारे आपण वैद्यमंडळी मृत्यूचा विषयच टाळतो. आम्हीही टाळत आलो.

संधिवातासाठी आमच्याकडे अनेक वर्षे येणारे एक वृद्ध गृहस्थ नाडी दाखविता दाखविता म्हणत, "वैद्यराज, मला नळ्या लावून ठेवू देऊ नका." आम्ही हसून पथ्याकडे वळत असू. पुढे त्यांना पक्षाघाताचा तीव्र झटका येऊन शुद्ध हरपली. अतिदक्षता विभागाबाहेर मुलांत वाद पेटला. धाकट्याने आम्हांस बोलावले. आम्ही ऐकलेले सांगितले. तेथील डॉक्टरांनी विचारले, "लेखी काही आहे का?" नव्हते. एकोणीस दिवस यंत्रावर गेले. भावाभावांचे बोलणे आजही बंद आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्रास, म्हणजेच 'लिव्हिंग विल'ला, मान्यता दिली. परंतु न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट इतकी जाचक होती की फारसे कोणी त्या वाटेस गेले नाही. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली. आता सज्ञान व सुबुद्ध व्यक्तीने स्वेच्छेने लिहिलेले पत्र, दोन साक्षीदार, आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे आहे. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत व आपल्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात स्पष्ट हवे. साक्षीदार वारसांपैकी नसलेले बरे. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अभिरक्षकाकडे द्यावयाची असते. महाराष्ट्रात असे अभिरक्षक २०२४ मध्ये नेमले गेले. मात्र दुसरी एक प्रत, कुटुंबाचा वैद्य असल्यास, त्याच्याकडे द्यावी असेही न्यायालयाने सांगितले आहे. आपल्या व्यवसायबंधूंपैकी किती जणांच्या कपाटात अशी एक तरी प्रत आहे?

रुग्णाची निर्णयशक्ती गेली आणि बरे होण्याची आशा उरली नाही, तेव्हाच हे पत्र लागू होते. तेही दोन वैद्यकीय मंडळांच्या संमतीने. त्यांचे मत शक्यतो ४८ तासांत यावे, अशी अपेक्षा आहे. वेदनाशमन व शुश्रूषा थांबत नाही. जीव घेण्यासाठी औषध देणे हा आजही गुन्हाच आहे, हे रुग्णास आवर्जून सांगावे. घरी आजोबांना 'मारायचे' ठरले अशी कुजबुज होते ती याच गैरसमजातून.

चरकांची सूचना अरिष्ट दिसणाऱ्या रुग्णाविषयी आहे. पावसाळ्यात बस्तीसाठी येणाऱ्या धडधाकट साठीच्या माणसास "तुमची इच्छा लिहून ठेवली आहे का?" असे विचारल्याने तिचा भंग होत नाही. उलट अरिष्ट दिसू लागल्यावर विचारणे अवघड होते, म्हणूनच आधी विचारावे. औषधालय चालविणाऱ्या बंधूंनाही जुन्या गिऱ्हाइकांजवळ हा विषय काढता येईल. पुष्कळदा लोक आपल्यापेक्षा त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात.

पत्र केव्हाही लेखी रद्द करता येते व शेवटी केलेले ग्राह्य धरतात, म्हणून वर्षातून एकदा "काही बदल?" असे विचारणे आवश्यक आहे. आम्ही केसपेपरवर प्रकृती व पथ्य यांखाली इच्छापत्राची एक ओळ वाढविली आहे. आमचे स्वतःचे लिहून झाले असून नोटरीकडे जावयाचे तेवढे राहिले आहे.