'देवाचा पुत्र' म्हणजे काय? मुलांच्या प्रश्नाला उत्तर देताना



डिसेंबर आला की आपल्या पिंपळे गुरवमध्येही एखाद्या गॅलरीत नाताळची चांदणी लागते आणि मुलं विचारतात, "देवाला मुलगा कसा? मग देवाची बायको कोण?" वर्ग हसतो. त्याच वर्गात एखादं ख्रिस्ती मूल मान खाली घालून बसलेलं असू शकतं. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्याला नीट उत्तर आहे.

१. आधी 'मसीहा' शब्द

मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ 'अभिषिक्त', म्हणजे तेलाने अभिषेक करून नेमलेला. त्याचंच ग्रीक रूप 'ख्रिस्तोस'. म्हणजे 'ख्रिस्त' हे येशूचं आडनाव नाही, ती पदवी आहे. १६७४ चा शिवराज्याभिषेक मुलांना माहीत असतो. अभिषेकाने माणसावर जबाबदारी येते, हे तिथून पटकन कळतं.

२. मग 'पुत्र' शब्द

बायबलच्या जुन्या करारात देव इस्राएल लोकांना आपला पुत्र म्हणतो (निर्गम ४). दावीदाच्या वंशातल्या राजालाही तेच नातं मिळतं (२ शमुवेल ७). इथे शरीराचा संबंध नाही; निवड, प्रेम आणि आज्ञापालन यांचं हे नातं आहे. नव्या करारात पेत्र येशूला मसीहा आणि जिवंत देवाचा पुत्र, असं एकाच वाक्यात म्हणतो (मत्तय १६). योहानाचं शुभवर्तमान त्याही पुढे जातं: हा पुत्र सृष्टीच्या आधीपासून देवाबरोबर होता आणि तो देवच होता.

३. वाद कशावर झाला?

आरियस नावाच्या धर्मगुरूचं म्हणणं होतं, की पुत्र हा देवाची पहिली निर्मिती आहे. इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेने ते नाकारलं. पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्यापासून आहे आणि पित्याच्याच तत्त्वाचा आहे, असं ठरलं.

मुलांना असं सांगा: बाबा चाकणच्या कंपनीत पार्ट बनवतात. पार्ट लोखंडाचा असतो, तो माणूस होत नाही. पण बाबांचं मूल मात्र माणूसच असतं. फक्त हे उदाहरण इथेच थांबवा, कारण बाबा मुलाच्या आधी जन्मलेले असतात. ख्रिस्ती शिकवणीत पिता आधी आणि पुत्र नंतर असं नाही. त्यासाठी सूर्य आणि त्याचा प्रकाश हे उदाहरण बरं. सूर्य आहे तेव्हापासून प्रकाश आहेच.

आणि देवाच्या बायकोचं काय? ख्रिस्ती शिकवण असं काही मानतच नाही. मरियेच्या पोटी येशूचा जन्म पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने झाला, असं ते मानतात (लूक १).

४. हे मराठीत कुणी सांगितलं?

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं. १९१९ मध्ये ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केलं. टिळकांना तर ख्रिस्तामध्ये गुरुमाउली दिसली. म्हणजे हा विषय आपल्या भाषेला चारशे वर्षांपासून ओळखीचा आहे.

५. सगळ्यांचं मत एक नाही

मुसलमान ईसांना पैगंबर मानतात, मसीहही म्हणतात, पण देवाला पुत्र आहे हे मानत नाहीत. ज्यू लोक येशूला मसीहा मानत नाहीत. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले 'शनवार तेली', त्यांच्यापैकीच. वर्गात तीनही बाजू सांगा. कोण बरोबर, याचा निकाल आपण द्यायचा नाही.

संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण शेजाऱ्याची श्रद्धा काय आहे हे समजावणं वेगळं आणि ती मुलांच्या गळी उतरवणं वेगळं. यासाठी एक साधी सवय लावा: वाक्याची सुरुवात "ख्रिस्ती लोक असं मानतात की..." अशी करा. त्यात प्रचारही होत नाही आणि टिंगलही.

घरी करून पाहा

मुलांना विचारा: 'भूमिपुत्र', 'मानसपुत्र', 'सरस्वतीपुत्र' या शब्दांत 'पुत्र' म्हणजे काय? प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा निघेल. मग विचारा, ख्रिस्ती लोकांचा 'देवपुत्र' यांच्यापेक्षा कुठे वेगळा आहे? उत्तर मुलांनाच शोधू द्या.