जुना तांदूळ, पण सोंडे नकोत

अगं, परवा फोनवर म्हणालीस ना, शाळेसाठी अठरा नवे नेटवर्क स्विच आलेत आणि तुझा मॅनेजर म्हणतो, ‘लेटेस्ट व्हर्जन टाक आणि मोकळी हो.’ तेव्हा नीट बोलता आलं नाही, कुकर लावलेला होता. आता निवांत सांगते.

तुझी आजी तांदूळ कसा घ्यायची आठवतंय? नवा चिकट होतो म्हणून वर्षभराचा जुना मागायची. पण मूठभर तळहातावर पसरून सोंडे नाहीत ना, हेही बघायची. इथे लंडनमध्ये हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटवर गोणी बंद मिळते, मूठ पसरता येत नाही. स्विचचं सॉफ्टवेअर मात्र मी पंचवीस वर्षं असंच निवडत आलेय.

खोक्यातल्या स्विचवर कारखान्यात त्या दिवशी जे हाताशी होतं तेच भरलेलं असतं. दोन खोकी वेगवेगळ्या महिन्यांतली असली तर व्हर्जनही दोन निघतात. म्हणून ‘चालतंय ना, राहू दे’ म्हणू नकोस, सगळे एका व्हर्जनवर आण. उलट, शाळेच्या जुन्या इमारतीत वापरता तेच व्हर्जन नव्यांवर टाकायला गेलीस तर कदाचित चढणारच नाही. प्रत्येक मॉडेलची एक किमान पायरी असते, तिच्या खाली ते उतरत नाही.

तुमचे सिस्कोचे कॅटॅलिस्ट ९३०० आहेत ना? मग १७.१२.४ असा आकडा दिसला की पहिले दोन घराणं सांगतात आणि तिसरा सांगतो डागडुजी किती वेळा झाली. मी मान देते तो तिसऱ्याला. शेवटी १ असेल तर आधी दुसऱ्यांना ठेचा खाऊ देत. घराण्यांतही १७.६, १७.९, १७.१२, १७.१५ ही दीर्घायुषी, त्यांना निघाल्यापासून ३६ महिने आधार मिळतो. मधल्यांना १२च. डाउनलोडच्या पानावर कंपनी एखाद्या व्हर्जनला सोनेरी तारा लावते. शोध तिथून सुरू कर, पण तो तारा सगळ्या जगाकडे बघून लावलेला असतो. तुमच्या ऑफिसातले फोन आणि गेटवरचा कॅमेरा त्यांनी कुठे पाहिलाय?

म्हणून रिलीज नोट्स वाच. सगळ्या वाचायला बसलीस तर झोप लागेल. तुम्ही जे वापरता तेवढंच शोध: स्विचकडून वीज घेणारे फोन, वायफाय, स्टॅक. सुटलेल्या दोषांची यादी न सुटलेल्यांइतकीच बारकाईने बघ, आधीच्या व्हर्जनने लोकांना काय छळलं ते तिथे कळतं.

आता सोंडे. ऑक्टोबर २०२३मध्ये या स्विचांच्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे आयओएस एक्सईच्या, वेब पानातून घुसायला वाट सापडली. गंभीरता दहापैकी दहा. जगभरात हजारो यंत्रांत चोर शिरले. १७.९ घराण्याला उतारा मिळाला तो १७.९.४ए या नावाने. म्हणजे ‘मुरलेलं १७.९.४ आहे, छान’ म्हणून थांबलेली माणसं नेमकी उघड्यावर होती. शेपटाला लागलेलं ते अक्षर सोडू नकोस. आणि ते वेब पान तुम्ही वापरत नसाल तर बंदच करून टाक.

माझी फजिती तुला कधी सांगितली नाही. एका ऑफिसात चार मजल्यांवर नवं व्हर्जन चढवलं, आठवडाभर चाचणी घेतली, सगळं झकास. दीड महिन्याने तळमजला बसला. मग पहिला. मग दुसरा. अपग्रेडच्या रात्री ज्या क्रमाने मी स्विच चालू केले होते त्याच क्रमाने, तेवढ्याच अंतराने. रोज थोडी थोडी मेमरी गळत होती, आणि आठवड्याच्या चाचणीत ती दिसणार कुठून? तिसऱ्या मजल्यावर मी पळत गेले आणि स्विच स्वतःच बंद करून चालू केला. त्या दिवशी तेवढा एकच मजला वाचला.

आपल्या घरावरून जाणाऱ्या बोइंग ७८७चंही २०१५मध्ये असंच निघालं होतं. वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर सांभाळणाऱ्या यंत्रातला एक मोजणारा आकडा भरून वाहायचा आणि ते यंत्र हात वर करायचं. अशी मुख्य यंत्रं चार. चारही एकाच वेळी चालू केलेली असली तर चारही एकदम बंद, म्हणून अमेरिकेच्या विमान खात्याने विमानाची वीज मध्ये मध्ये पूर्ण बंद करायचा हुकूम काढला. तेव्हापासून मी जोडीतले दोन स्विच एका रात्री अपग्रेड करत नाही. तूही मुख्य जोडीत आठवड्याचं अंतर ठेव. पहिला नंबर लाव तो जिन्याखालच्या कपाटातल्या, कुणाला फारसा न लागणाऱ्या स्विचचा, आणि त्याच्या मेमरीचा आकडा रोज सकाळी वहीत लिही. महिनाभर. मॅनेजर कुरकुरेल, कुरकुरू दे.

प्रत्यक्ष चढवताना आधी फाइलचा हॅश कंपनीच्या पानाशी जुळव. मग ‘अ‍ॅड’, ‘अ‍ॅक्टिव्हेट’, ‘कमिट’ या तिन्ही पायऱ्या एका ओळीत देऊ नकोस, सगळे देतात तरी. कमिट करेपर्यंत नवं व्हर्जन पाहुणं असतं. मधल्या वेळात फोन उचलून बघ, गेटची बेल वाजवून बघ. बिघडलं तर कमिट न करता रीबूट कर, स्विच आपणहून जुन्यावर जातो. आणि जुन्या फाइली पुसायची घाई नको.

शुक्रवारी रात्री जाऊ नकोस, शनिवारी जा. रविवार हाताशी राहतो. निळी कन्सोल केबल बॅगेत टाक, नेटवर्क पडल्यावर लॅपटॉपवरून लांबून काही करता येत नाही. अडलीस तर पहाटे साडेचारनंतर खुशाल फोन कर. हीथ्रोची पहिली विमानं त्याच सुमाराला डोक्यावरून उतरायला लागतात, मी जागीच असते.