हुद्दा आणि खाते : इंग्रजीतून सांगताना

‘वडील रेल्वेत आहेत’ एवढे मराठीत पुरते. शिष्यवृत्तीच्या अर्जावर मी ‘माय फादर डज सर्व्हिस इन रेल्वे’ असे लिहिले आणि चुकलो. आपली ‘सर्व्हिस’ मराठी झालेली आहे. इंग्रजीत ‘वर्क्स ॲज’ म्हणून पुढे हुद्दा सांगावा लागतो. त्या हुद्द्यावर अनेक माणसे असतील तर आधी ‘अ’ किंवा ‘ॲन’ येते. पद एकट्याचेच असेल तर ते गाळता येते : ‘शी इज प्रिन्सिपॉल ऑफ अवर कॉलेज’. ‘इज’ आले की ‘ॲज’ नको. ‘ही इज ॲज अ क्लार्क’ हे तर आमच्या वर्गात सर्रास ऐकू येते! खात्याआधी ‘इन दि’ येते.

व्याकरण जमले, पण खात्यापाशी अडलो. पूर्वी ज्याला गँगमन म्हणत, तोच आता ट्रॅक मेंटेनर. रूळ, स्लीपर, खडी यांची देखभाल रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्याकडे असते. बाबा म्हणाले, “इंजिनिअरिंग लिहू नको रे, लोक हसतील.”

मी लिहिले : ‘माय फादर वर्क्स ॲज अ ट्रॅक मेंटेनर इन दि इंजिनिअरिंग डिपार्टमेंट ऑफ इंडियन रेल्वेज.’ मग मराठीत अर्थ सांगितला. बाबांनी तो दोनदा ऐकला आणि सही केली.