कबड्डी खेळतो, शिक्षक होईन का?

प्रश्न : मी निपाणीचा. अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आंतरमहाविद्यालयीन कबड्डी खेळलो आहे. बी.पी.एड. बेळगावकडे करावे की कोल्हापूरकडे? – एक वाचक

उत्तर : घर कर्नाटकात आणि कॉलेज महाराष्ट्रात, तेव्हा हा प्रश्न पडणारच. बी.पी.एड. दोन वर्षांचे असते. कॉलेजला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे का, हे आधी पाहा. पदवीला ५० टक्के गुण आणि स्पर्धेतला सहभाग असला की पात्रतेची अडचण सहसा येत नाही. नोकरी कर्नाटकात करायची असेल तर कन्नड लिहिता-वाचता आलेच पाहिजे. मराठी शाळेत लागलात तरी सरकारी कारभार कन्नडमध्येच चालतो.

पण चांगला खेळाडू म्हणजे चांगला शिक्षक नव्हे. चढाईत पाय कुठे टाकायचा हे तुमच्या अंगात मुरले आहे. तेच मागे उभ्या राहणाऱ्या लाजऱ्या मुलीला टप्प्याटप्प्याने शिकवणे, हे खरे काम. शरीररचना आणि आरोग्यशिक्षण मन लावून शिका. मुलाचा घोटा मुरगळला की चोळायला चार जण धावतात. चोळू देऊ नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावा, पाय उंचावर ठेवा. पाय टेकवतच नसेल तर थेट डॉक्टरकडे न्या.

प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन या. मैदान रोज वापरात आहे का, सराव पाठ खऱ्या शाळेत होतात का, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा. होत नसतील तर तिथे प्रवेश घेऊ नका.