आता तुझी चाल



अलीकडे पालकसभेत गुणपत्रिकेपेक्षा मोबाईलवरच अधिक चर्चा होते. "सारखा गेम खेळत बसतो, काहीतरी सांगा त्याला," ही तक्रार ठरलेलीच. कोणता गेम, असे आम्ही विचारले की बहुतेक पालक एकमेकांकडे पाहतात. आपण सगळ्यांना एकाच नावाने 'गेम' म्हणतो आणि एकाच काठीने हाकतो. परंतु या खेळांत मोठा फरक आहे. तो समजून घ्यावा म्हणून हा पाठ.

एका जातीच्या खेळात घड्याळ पळत असते. बोट जितके चपळ, तितके गुण. जरा थबकलात की बाद! दुसऱ्या जातीचा खेळ तुमच्यासाठी थांबतो. तुम्ही चाल केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही आणि तुमची चाल झाली की समोरच्याची पाळी. यांना 'टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी' म्हणतात. आपण 'चालीचे खेळ' म्हणू.

चालीचे खेळ आपल्या घराला नवे नाहीत. सारीपाट आणि बुद्धिबळ याच घराण्यातले. सारीपाटात फासे किंवा कवड्या असतात, म्हणजे थोडे नशीब आले. बुद्धिबळात नशिबाला जागा नाही. या खेळांनी आपल्या भाषेला किती शब्द दिले पाहा! शह, काटशह, मात, पौबारा, आणि एखाद्याला दुसऱ्याच्या हातातले 'प्यादे' म्हणणे. राजकारणाची बातमी या शब्दांवाचून लिहिताच येणार नाही. मोहऱ्यांची नावेही अभ्यासण्यासारखी आहेत. आपल्या उंटाच्या जागी इंग्रजांकडे बिशप म्हणजे धर्मगुरू आहे आणि आपल्या वजिराच्या जागी राणी. पट तोच, पण ज्या समाजाने खेळ घेतला त्याने आपला दरबार त्यावर मांडला.

संगणक आल्यावर हाच पट पडद्यावर गेला. १९९१ साली अमेरिकेत सिड मायर आणि त्यांचे सहकारी ब्रूस शेली यांनी 'सिव्हिलायझेशन' नावाचा खेळ तयार केला. त्याची सुरुवात इसवी सनापूर्वी ४००० मध्ये होते. नकाशा जवळजवळ सगळा काळा असतो. पहिले नगर कुठे वसवायचे, नदीकाठी की डोंगराजवळ? आधी धान्य की आधी शिपाई? कोठार बांधायचे की रस्ता? सुरुवातीला एका चालीत वीस वर्षे जातात, पुढे एकेक वर्ष. आज घेतलेल्या निर्णयाचे फळ पुष्कळ चालींनंतर मिळते आणि तेव्हा दोष द्यायला दुसरे कुणी नसते.

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला याची गोडी का लागते, याचा आम्ही बराच विचार केला. या वयात मुलाला सगळीकडून "लवकर कर" हेच ऐकू येते. वर्गात, शिकवणीत, घरी, रिक्षात बसताना. इथे मात्र कुणीतरी त्याला म्हणते, "आता तुझी चाल. सावकाश विचार कर." शिवाय निर्णय सर्वस्वी त्याचा. घरात पंखा कोणत्या गतीवर ठेवायचा हेही ज्याला विचारत नाहीत, त्याच्या हाती अख्खे राज्य! हे प्रेम आळसातून येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या खेळातली एक गंमत आपल्या मुलांना विशेष आवडेल. 'सिव्हिलायझेशन'मध्ये भारताचे नेते म्हणून महात्मा गांधी आहेत. इंटरनेटवर एक कथा फिरते. खेळात गांधीजींचा आक्रमकतेचा आकडा सर्वांत कमी, म्हणजे १ होता. लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा होत. संगणकाच्या एका बाइटमध्ये ० ते २५५ इतकेच आकडे मावतात, म्हणून उणे १ च्या जागी २५५ झाले आणि गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटले! बाइटचे गणित बरोबर आहे, आठवीच्या मुलांनी ते करून पाहावे. पण कथा खोटी आहे. असा दोष मूळ खेळात नव्हताच, असे खुद्द मायर यांनी २०२० च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिले. २०१० च्या पाचव्या आवृत्तीत मात्र ही गोष्ट कर्त्यांनी थट्टा म्हणून मुद्दाम घातली. दांडी सुरतेपासून फार दूर नाही, त्यामुळे थट्टा आवडली नाही तरी चालेल. चटपटीत स्पष्टीकरण खरे असतेच असे नाही, एवढे ध्यानात घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचे पुढे पाठवण्यापूर्वीही हेच.

आता दुसरी बाजू. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे प्रेमचंद आमच्या वाट्याला लवकर आले. त्यांची 'शतरंज के खिलाड़ी' ही कथा १९२४ ची. वाजिद अली शाहच्या लखनौमधले मिर्झा आणि मीर हे दोन जहागीरदार दिवसरात्र पटावर वाकलेले असतात. घर बिघडते, राज्य जाते, कंपनी नबाबाला धरून नेते, यांना पर्वा नाही. ज्यांनी खऱ्या राजासाठी तलवार उपसली नाही ते लाकडी वजिरावरून भांडतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. १९७७ साली सत्यजित राय यांनी त्यावर चित्रपट काढला. त्यातले मिर्झा म्हणजे आपल्या सुरतेत जन्मलेले संजीव कुमार! चित्रपटाचा शेवट वेगळा आहे. तिथे दोघे जगतात आणि इंग्रजी पद्धतीने नवा डाव मांडतात. मोठ्या मुलांनी कथा आणि चित्रपट दोन्ही पाहून कोणता शेवट अधिक बोचतो ते ठरवावे. आम्हाला चित्रपटाचा बोचतो.

मिर्झा आणि मीर यांचा रोग आणि 'सिव्हिलायझेशन' खेळणाऱ्यांचा "अजून एकच चाल" हा रोग एकच आहे. जो खेळ तुमच्यासाठी थांबतो, तो तुम्हाला "आता ऊठ" असे कधीच म्हणत नाही. जो गुण, तोच धोका. बुद्धिबळवाल्यांना हे फार पूर्वी कळले. १८५१ च्या लंडनच्या स्पर्धेत वेळेला बंधन नव्हते, लोक एका चालीसाठी ताटकळत बसत. १८६२ मध्ये वाळूची घड्याळे आली, १८८३ मध्ये दोन तबकड्यांचे यंत्र. पळायला लावणारे घड्याळ खेळात नसेल तर ते बाहेरून आणून शेजारी ठेवावे लागते. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तो याच घड्याळावर. कोनेरू हम्पीशी दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले, मग जलद डावांत निकाल लागला. दिव्या तेव्हा १९ वर्षांची होती. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी.

मुलींचा विषय निघालाच आहे, तर एक सांगून टाकतो. संगणक कक्षात आमच्या मुली मागच्या रांगेत उभ्या राहतात आणि माउस मुलांच्या हाती असतो. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ साली, १३ व्या वर्षी, महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. त्यांच्याआधी थोरल्या बहिणी वासंती आणि जयश्री विजेत्या होत्या. त्याच वर्षी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा गदारोळ झाला. शेवटी मुलींना अशी मनाई करता येणार नाही, असे जागतिक संघटनेने ठरवले. असो.

विश्वस्त मंडळापुढे आमचा प्रस्ताव साधा आहे. शनिवारचे शेवटचे दोन तास इयत्ता सातवी ते नववीसाठी चालीच्या खेळांना द्यावेत. पहिले दोन महिने फक्त बुद्धिबळ. नंतर संगणकावर 'फ्रीसिव्ह'. हा 'सिव्हिलायझेशन'च्या धर्तीचा खेळ डेन्मार्कमधील आर्हूस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केला. तो मोफत आहे आणि आपल्या जुन्या यंत्रांवर चालू शकेल, म्हणजे खर्च नाही. एका यंत्रावर दोघे, त्यात माउस निम्मा वेळ मुलीच्या हाती. शेजारी गजराचे घड्याळ, आणि गजर झाला की डाव जतन करून उठायचे, राज्य जळत असले तरी!

प्रत्येक जोडीकडे एक 'चालवही' असेल. खेळाचा पडदा इंग्रजीत असला तरी वही मराठीत. दर दहा चालींनंतर दोन ओळी लिहायच्या: काय केले आणि का केले. "असेच केले" हे उत्तर चालणार नाही.

तोवर दिवाळीच्या सुटीचा स्वाध्याय. घरी आजी-आजोबा असतील, किंवा सुटीत खानदेशात गावी जाल, तर त्यांच्याकडून सारीपाटाचे नियम लिहून आणा. पट कापडाचा होता की जमिनीवर खडूने आखलेला, फासे होते की कवड्या, आणि त्यांच्या घरी डाव कोण मोडत असे, हेही विचारा.