मोगऱ्याचा बहार व हवेंतील उष्णता

मोगरा केव्हां फुलेल हें केवळ खतपाण्यावर नव्हे, तर हवेंतील उष्णतेवरहि अवलंबून असतें. त्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर धरते, आणि थंडींत ही फूट मंदावते. म्हणून मार्गशीर्ष-पौषांत कितीहि पाणी दिलें तरी फुलें फारशीं मिळत नाहींत. उलट झाडास विश्रांति न मिळाल्यामुळें पुढील बहार तुटक येतो.

याकरितां आम्ही बागाईतदारांस असें सुचवितों कीं, थंडी पडतांच पाणी तोडावें. पानें झडूं लागल्यावर जमिनीपासून सुमारें १॥ फुटावर छाटणी करावी व आळीं खणून कुजलेलें शेणखत घालावें. थंडी ओसरूं लागतांच प्रथम हलकें, मग भरपूर पाणी द्यावें, म्हणजे चैत्र-वैशाखांत, ऐन लग्नसराईंत, फुलें हातीं येतात. छाटणी फार लवकर केल्यास कोंवळी फूट थंडीनें खुरटते; फार उशिरां केल्यास बहार व भाव दोन्हीं हातचे जातात.

शेवंतीस मात्र हा नियम लावूं नये. ती मुख्यतः रात्री लांबूं लागल्या म्हणजे कळ्या धरते. मोगऱ्याच्या छाटणीचा दिवस पंचांगांत न शोधतां आपल्या गांवची थंडी पाहूनच ठरवावा.